गाडी कुठे गेलती

आमच्या घरमालकाले बाथरूमचा नळ गळते म्हनून सांगितलं, तं ते म्हने, "लिहून दे."

मले वाटलं गंमत करून राह्यले. मी देवळीचा, आमच्याकडे नळ गळला तं सायकलची ट्यूब कापून बांधतेत अन् मोकळे होतेत. पन काका तिथेच उभे. डोक्शावर टोपी, सदऱ्याच्या गुंडीले दोऱ्यानं बांधलेला पेन. मंग माह्या रूम पार्टनरनं वहीचं पान फाडलं अन् लिवलं, "प्रति, घरमालक. विषय : नळ गळण्याबाबत." काकानं चष्मा लावून वाचलं, कोपऱ्यात आवक नंबर टाकला, खालची पट्टी फाडून पोच म्हनून आमच्या हातात देल्ली अन् घरात गेले.

प्लंबर आला एकोनतीसव्या दिवशी. तोपर्यंत आम्ही टप टप ऐकत झोपत होतो. पार्टनर चिडला तं काका म्हने, "मुदत तीस दिवसाची हाय. सरकारपेक्षा एक दिवस आंधी केलं मी. अजून काय पायजे तुले?"

वर्ध्याच्या नालवाडीतलं ते घर सोडून आता दोन वर्षं झाली. पोस्टमन म्हनून रिटायर झालेला तो मानूस, अन् मांगच्या खोलीत भाड्यानं आम्ही दोघं. आम्ही त्याईच्या मांगं त्याईले 'जोडपत्र' म्हनत होतो. माहिती अधिकाराचा अर्ज ज्या नमुन्यात करा लागते त्याले जोडपत्र अ म्हनतेत, अन् काकाच्या घरात चहाच्या भुकटीपेक्षा त्याचे कोरे फॉर्म जास्त होते. कोर्ट फीचं तिकीट ते भाताच्या शितानं चिकटवत. डिंकावर त्याईचा भरोसा नोता. म्हने, "तिकीट निंघून पडलं म्हनून अर्ज फेटाळतेत हरामखोर. शित निंघत नाई."

नियम असा हाय का एका अर्जात एकच विषय घ्यायचा अन् शब्द दीडशेच्या आत. काकाले त्याची इतकी सवय लागलती का शिव्याई तेवढ्यातच देत. पार्टनरनं गेटासमोर गाडी लावली तं बोटाच्या पेरांवर शब्द मोजत झापत, अन् मधातच थांबत. "उरलेलं उद्या." घरात जात. पार्टनर एक डाव त्याईच्या मांगं गेलता का काका, आज एकशे बेचाळीसच झाले, अजून आठ शब्द बोला. काका वळून म्हने, "गाडी कहाड. बाकीचे सहा ठेव."

हे सगळं मी खोलीत करून दाखवत होतो. मले नकला येतेत. कालेजच्या गॅदरिंगमधे प्राचार्यापासून तं क्यांटीनवाल्यापर्यंत कोनाले सोडलं नाई. काकाचा आवाज तं माहा हुकमी. पन आमच्या अन् त्याईच्या खोलीमधे एक इटेची भिंत. एका सकाळी ते दात घासता घासता म्हने, "माहा आवाज जरा जाड कहाडतो तू. मी इतका जाड नाई बोलत." मी मेल्यावानी उभा. ते चूळ भरून चालले गेले.

दर पौर्णिमेले विहारात लोकं त्याईची वाट पाहत. कोनाचं रेशन कार्ड, कोनाच्या पोरीची स्कॉलरशिप, कोनाच्या घरासमोरची नाली. काका पथारी टाकून अर्ज लिहून देत. एक नियम पक्का, अर्जात 'विनंती' लिवायचं नाई. "विनंती बँडवाल्याले करा, गानं वाजवाले. हे हक्काचं हाय." एक म्हातारी होती, नालीवाली. ती म्हने, "असू द्या ना भाऊ एखांदी. सायबाले बरं वाटते." काकानं तिच्याकडे पाह्यलं, अन् त्या एका अर्जात विनंती राहू देल्ली. परत येताना रस्ताभर स्वतःवरच चिडलेले.

लोकाईचे अर्ज निरनिराळे असत. त्याईचा स्वतःचा एकच होता.

तो मी टाइप करून देत होतो, माह्या ल्यापटापवर. विषय : रुग्णवाहिकेच्या लॉगबुकाची प्रत. एका तारखेचं एक पान. एक्केचाळीस शब्दाचा अर्ज. बाकीचे एकशे नऊ शब्द त्याईनं कधी वापरले नाई. मी एक डाव म्हनलं, "काका, जागा हाय, काकूचं थोडं लिवू ना. वाचून त्याईले काई वाटन."

"वाटाले काऊन पायजे? मले पान पायजे."

काकू वारल्या एवढंच मले माईत होतं, कशा ते त्याच दिवशी समजलं. दोघं काकूच्या भावाकडे गेलते, तालुक्याच्या गावी. तिथे काकूच्या छातीत दुखाले लागलं. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तपासून चिठ्ठी देल्ली का मोठ्या दवाखान्यात हलवा, इथली गाडी घेऊन जाईन. खिडकीवर सांगितलं, गाडी बाहेर गेली, येतेच. येतेच, येतेच म्हनत तीन तास गेले. शेवटी काकूच्या भावानं भाजीचा टेम्पो आनला. ती टेम्पोत गेली. वर्ध्याच्या आंधी, रस्त्यातच.

हे सांगाले त्याईले पाच-सहा वाक्यं लागले. मोजले नाई त्याईनं. मंग म्हने, "गाडी कोनाले घेऊन गेली असन ना. एखांद्या बाळंतिनीले नेलं असन, एखांद्या लेकराले साप चावला असन. मंग मी काई म्हनत नाई. माह्या बाईच्या बदल्यात कोनी वाचलं असन तं मले कबूल हाय. पन कुठे गेलती ते मले दाखवा."

एवढंच होतं. गाडी कुठे गेलती.

पह्यल्या अर्जाले उत्तर आलं का शोध घेणे सुरू आहे. दुसऱ्याले आलं का संबंधित कर्मचारी रजेवर. दोन्ही डाव काकानं अपील केलं, पान काई निंघालं नाई. तिसऱ्याच्या वेळी मी काकाले गाडीवर बसवून त्या दवाखान्यात नेलं. तिथला माहितीचं काम पाहनारा कारकून नाकात बोलत होता, अन् दर दोन शब्दानंतर थांबे, जसं कोनी त्याले मांगून वाचून दाखवून राह्यलं. "बसा. आपलं प्रकरण... प्रक्रियेत आहे. काळजी... करू नका." काका काई बसले नाई. उभ्यानंच म्हने, "लिहून द्या." कारकून हसला. तोंडी सांगितलेलं काका कधीच मानत नोते. म्हने, "बोललेलं हवेत जाते. कागद असा ठान मांडून बसते."

तीस दिवस भरले, उत्तर नाई. मंग अपील करा लागते, तेई तीस दिवसात. अपील मी टाइप केलं. काकानं वीस रुपयाचं तिकीट शितानं चिकटवलं अन् टेबलावर वजन ठेवून देल्लं. तारीख अजून लांब होती. काका म्हने, बुधवारी नेऊन देऊ.

मंगळवारी आम्ही खोलीत बसलो होतो. कालेजले सुट्टी होती, ऊन तापलं होतं, काई काम नोतं. मी पार्टनरले त्या कारकुनाची नक्कल करून दाखवली. पार्टनर हसून हसून खाली पडला. मंग म्हने, "काकाले फोन लाव. तर्री पोह्याची पैज. काका फसत नाई."

मलेई तेच वाटलं. काका फसत नाई. लिहून दे म्हनन अन् फोन ठेवन, मंग संध्याकाळी आम्ही सांगू अन् दीडशे शब्द खाऊ. पार्टनरकडे नवीन सिम होतं, तो नंबर काकाकडे नोता. काका तवा चौकात भाजी घेत होते. मी नाक दाबलं.

"नमस्कार. रुग्णालयातून... बोलतोय. आपली माहिती... सापडली आहे. प्रत काढून पोस्टाने... पाठवतो. आठ-दहा दिवस... लागतील. अपिलाची आता... गरज नाही."

पार्टनरनं उशी तोंडात कोंबलती. तिकडून भाजीवाल्याचं वांगे घ्या वांगे आयकू येत होतं. मंग काका म्हने, "सापडलं?"

"होय."

"साहेब," म्हने, "तुमचे लय उपकार."

मी फोन कापला. उपकार हा शब्द मी त्याईच्या तोंडून कधी आयकला नोता. पार्टनर म्हने, पोहे गेले बे. मी म्हनलं, हौ, गेले.

संध्याकाळी सांगाले उठलोच होतो, तं दारावर काका. हातात ताट, ताटात शिरा. स्वतः केलेला, गुठळ्या गुठळ्या. "खा," म्हने. "सापडलं. फोन आलता."

पार्टनरले काय सुचलं काय माईत, तो म्हने, "काका, तुम्ही लिहून नाई मांगितलं?"

काका उंबरठ्यावर बसले. "नाई ना," म्हने. "मानूस चांगला वाटला रे. इतक्या दिवसात त्या दवाखान्यातून कोनी स्वतः होऊन माह्याशी बोललं नाई. मले वाटलं, सगळंच का कागदावर मागायचं."

माह्या तोंडात शिरा होता. मी गिळला. मंग दुसरा घास घेतला. आता हे तुमाले सांगाले मले लाज वाटते, पन त्या शिऱ्यात इलायची जास्त झालती हे मी बोललो, अन् जे बोलायचं ते नाई बोललो.

उद्या सांगू म्हनलं. उद्या काका अकरा वाजता पायरीवर जाऊन बसले, पोस्टमनची वाट पाहत. जिंदगीभर लोकं त्याईची वाट पाहत होते तशी. पोस्टमन आला, शेजाऱ्याकडे पाकीट टाकून गेला. काका म्हने, आठ-दहा दिवस सांगितलेत त्याईनं, आज कसं येईन. असे रोज बसत. आठ झाले, दहा झाले. मी अकरा वाजता खोलीतून बाहेर निंघनं बंद केलं. पार्टनर रोज रातच्याले म्हने, "तू सांग, आवाज तुहा होता." मी म्हनो, "तू सांग, सिम तुहं होतं." अन् दोघंई म्हनत होतो का काका तसंई अपील करतीनच, मुदत थोडीच सोडते तो मानूस.

अपिलाची शेवटची तारीख मले पाठ होती, मीच टाइप केलती. त्या दिवशी अपील टेबलावर वजनाखाली तसंच होतं. मी खिडकीतून पाह्यलं. दिवसभर मोबाईलवर गेम खेळलो. किती लेव्हल गेलो ते आठवत नाई.

त्याच्यानंतरच्या आठवड्यात काका म्हने, चाल, जाऊन येऊ, पोस्टात गहाळ झालं असन, माह्यावेळीई होत होतं. मी गाडी काढली. नाई कसा म्हनू?

कारकून तोच. काकानं हात जोडले. मी पह्यल्यांदा पाह्यलं त्याईले हात जोडताना. म्हने, "साहेब, तुम्ही फोन केलता. ते पान पोचलं नाई."

"मी? आमच्याकडून कोणीही... फोन केलेला नाही."

"हाच आवाज होता."

"काका, तुमचा अर्ज... निकाली काढला. लॉगबुक सापडत नव्हतं. मग सापडलं, तर त्याची जतनाची मुदत... संपलेली. जुनं सगळं नाशनाच्या यादीत गेलं. मागच्या सोमवारी... जाळलं. मागच्या आवारात."

काकाचे हात तसेच जोडलेले राह्यले. कारकून वाईट मानूस नोता, हे मी आता म्हनतो. त्यानं खुर्ची सरकवली, अन् सरळ बोलला, न थांबता. "अपील असतं ना काका, तर ते पुस्तक बाजूला ठेवावंच लागलं असतं. नियम आहे. मी वाट पाहिली. तुमचं अपील येतंच दरवेळी. या वेळी आलंच नाही."

काका म्हने, "लिहून द्या." त्यानं लिहून देल्लं, सही-शिक्क्यासकट. तो कागद घडी करून काकानं खिशात ठेवला. पूर्ण रस्ताभर ते माह्या मांगं बसून होते. बोरगाव मेघेच्या वळनावर मले वाटलं का ते गाडीवर नाईच, म्हनून मी आरशात पाह्यलं. होते.

दोन दिवसानं मले बोलावलं. "टाइप कर," म्हने. नवीन अर्ज. ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. अमुक तारखेले, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आपल्या कार्यालयातून अर्जदारास भ्रमणध्वनीवर माहिती सापडल्याचे कळवणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव व पदनाम.

माहे बोटं 'नाव'वर थांबले. काका माह्या मांगं उभे होते. पंखा फिरून राह्यला होता.

"तुले याच्यात काई लिवायचं राह्यलं का?" म्हने.

"नाई काका."

"पाह्य. जागा हाय अजून."

"नाई."

त्याईनं अर्ज पाठवला. उत्तर वेळेत आलं. एकच शब्द होता, निरंक.

त्याच्यानंतर काका लोकाईचे अर्ज लिहून देत होते, पन थोडे थोडे. विहारात जात, कधी जात नाई. पार्टनरले झापताना मोजत नोते. गाडी गेटासमोर लागली तं स्वतःच बाजूले घेत. मी कोनाची नक्कल केली नाई. ठरवून नाई, निंघतच नोती.

मंग मले सुचलं का पान जळलं, पन गाडी चालवनारा तं जळला नाई. दवाखान्यात विचारलं तं समजलं, तवाचा डायवर रिटायर झाला, देवळीत राह्यते. माहंच गाव. बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर बसते. मी त्याच्यासाठी खर्रा घेतला, बाजूले बसलो, तारीख सांगितली, टेम्पोचं सांगितलं. टेम्पोवरून त्याले आठवलं.

"गाडी कुठे गेलती बाप्पा? कुठेच नोती गेली," म्हने. "शेडीत होती. टाकीत डिझेल नाई, अन् डिझेलच्या चिठ्ठीवर सही कराले मोठे साहेब नोते. मी तिथेच होतो, गाडीतच झोपलो होतो."

"मंग बाहेर गेली काऊन सांगत होते?"

"आता पेशंटले असं सांगतेत का, डिझेल नाई म्हनून? बाहेर गेली म्हनलं का मानूस भांडत नाई. बसते."

"अन् लॉगबुकात काय लिवलं तुम्ही?"

"गाडी चाललीच नाई तं काय लिवू? कोरं पान होतं ते."

मी म्हनलं, "काका, एवढं लिहून देता का?"

त्यानं खर्रा थुकला. "पेन्शन खाऊ दे मले सुखानं."

मी परत नालवाडीत आलो तं दुपार होती. काका पायरीवर सुपात तांदूळ निवडत होते. मी समोर उभा राह्यलो.

"काका, गाडीचं समजलं."

त्याईनं मान वर केली नाई. एक खडा वेचून बाजूले टाकला.

"कोनाच्या आवाजात सांगशीन?" म्हने.

 किती दिवसापासून माईत होतं त्याईले, ते मी विचारलं नाई, आजपर्यंत नाई. टाइप करताना का त्याच्याई आंधी. मी तिथेच खाली बसलो. म्हनलं, "माह्याच."

"सांग."

मी सांगितलं. डिझेलचं, सहीचं, कोऱ्या पानाचं. ते निवडत राह्यले. माहं झालं तं म्हने, "लिहून देल्लं त्यानं?"

"नाई."

"हं."

अजून एक खडा निंघाला. मंग म्हने, "शेड कोन्या बाजूले हाय?"

"मांगं. वार्डाच्या भिंतीले लागून. टिनाची."

काकाचा हात सुपात थांबला.

"मी तिले घेऊन समोर बाकड्यावर बसलतो," म्हने. "गेटाकडे तोंड करून. गाडी आली का दिसन म्हनून. ऊन होतं. तिनं दोन डाव म्हनलं, मांगच्या बाजूले सावली असन, तिकडे बसू. मी म्हनलं, नको. गाडी चुकन."